दोन बोलणारे, एक कान



मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून बरेच दिवस इथे फिरकले नाही. आज जे लिहिणार आहे ते वाचून माझ्या जावा-नणंदा हसतील. मराठीच्या बाईंनी जीपीएसची जोडणी केली म्हणे! केली नाही हो, नुसती वाचून दाखवली.

गेल्या जुलैतली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, आणि दारात माझा एक जुना विद्यार्थी उभा. मिरकरवाड्याला त्याची मासेमारीची नौका आहे. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोन इंग्रजी पुस्तकं. "बाई, एवढं वाचून सांगाल काय?"

या मुलाला मी नववीत इंग्रजीत नापास केलं होतं. आमच्याकडे इंग्रजीची शिक्षिका वर्षभर नव्हती, म्हणून तो विषय माझ्या गळ्यात पडला होता. त्याला चार गुण कमी पडले. द्यायला हवे होते का, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. पुढच्या जूनला तो शाळेत आला नाही, बापाबरोबर समुद्रावर गेला. आणि आता इंग्रजी वाचायला तो माझ्याकडेच आला होता. चहा टाकायच्या निमित्ताने मी आत गेले आणि जरा वेळ तिथेच थांबले.

तर झालं होतं असं. त्याच्या नौकेवरचा जुना जीपीएस अँटेना बिघडला. त्याच कंपनीचा नवा महाग, म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीचा वापरलेला घेतला. पडद्यावर नकाशा दाखवणारा प्लॉटर पहिल्याच कंपनीचा. शिवाय आसपासची जहाजं कळावीत म्हणून बसवलेलं एआयएस तिसऱ्याच कंपनीचं. दुकानातल्या माणसाने वायरी जोडून दिल्या. खोल समुद्रात सगळं ठीक चाले. बंदराजवळ आलं की पडद्यावरची होडी जागच्या जागी थिजे. एप्रिलमध्ये एका रात्री ते परत येत होते. पडद्यावर होडी अजून खूप बाहेर दिसत होती, आणि भगवती किल्ल्याजवळच्या दीपगृहाचा झोत भलत्याच बाजूला! तांडेल जुना माणूस. त्याने पडदा सोडून दिव्यावर विश्वास ठेवला आणि नौका वळवली, म्हणून खडक चुकला. नौकेवर खलाशी होते, त्यांत याचा मुलगाही होता.

मी शब्दकोश घेऊन बसले. तीन दुपारी गेल्या. आणि खरं सांगते, मला मजा वाटायला लागली. ही यंत्रं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला एनएमईए ०१८३ म्हणतात. अमेरिकेतल्या एका संघटनेने १९८३ मध्ये ती ठरवली, ती याचसाठी की एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला समजावं. आणि तिच्यात जे पाठवलं जातं त्याला म्हणतात 'सेंटेन्स', म्हणजे वाक्य! पाठवणारा तो टॉकर, ऐकणारा तो लिसनर. वक्ता आणि श्रोता. मी आयुष्यभर दुसरं काय शिकवलं?

वाक्याचं व्याकरण फार कडक. सुरुवात डॉलरच्या चिन्हाने, मग वक्ता कोण, वाक्य कुठल्या प्रकारचं, मग स्वल्पविराम देत देत मजकूर. वेळ ग्रीनिचची, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे. मग एक अक्षर: 'ए' असेल तर ठिकाण खात्रीचं, 'व्ही' असेल तर विश्वास ठेवू नका. किती प्रामाणिक! पुढे १६५९ असा आकडा आला तर तो १६ अंश ५९ मिनिटं असा वाचायचा. शेवटी तारांकित चिन्ह आणि दोन अक्षरं. पूर्वी आपण गुणाकार बरोबर आला का ते नऊ उरवून तपासायचो ना, तसा तो ताळा. ताळा जुळला नाही तर ऐकणारा अख्खं वाक्य टाकून देतो.

वायरींचे रंग मात्र ज्याचे त्याचे. एका पुस्तकात पाठवणारी वायर एका रंगाची, दुसऱ्यात भलत्याच. एक म्हणतो 'टॉकर ए', दुसरा म्हणतो 'आउट'. 'आउट' जोडायची 'इन'ला, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. माझ्या विद्यार्थ्याने आधी स्वतः खटपट केली तेव्हा 'आउट'ला 'आउट' जोडली होती. शब्द सारखा दिसला म्हणून.

पण मूळ घोटाळा निराळाच निघाला. पुस्तकात चौकटीत छापलं होतं: एका वक्त्याला अनेक श्रोते चालतील, पण एका कानाला दोन वक्ते जोडू नयेत. ते वाचलं आणि मी थांबले. "अरे, एआयएसची वायर कुठे गेलीय?" तो म्हणाला, "त्याच्यातच पिळलीय, बाई."

दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन बंदरावर गेले. लेकाला फोनवर सांगितलंच नाही! पुतण्याने लॅपटॉप आणला होता. दोन्ही वायरी जोडलेल्या असताना पडद्यावर नुसता अक्षरांचा चिखल. एआयएसची सोडवली, आणि एकाखाली एक सरळ वाक्यं यायला लागली. एआयएस बोलतं सेकंदाला ३८,४०० च्या वेगाने, अँटेना बोलतो ४,८०० ने, आणि दोघं एकाच कानात. बाहेर समुद्रात जहाजं कमी, एआयएस गप्प, तेव्हा अँटेनाचं ऐकू जायचं. बंदरात गर्दी, एआयएसची बडबड, की संपलं. वर्गात दोन पोरं एकदम बोलली की मी दोघांनाही बसवत असे, प्लॉटरही तेच करत होता.

प्लॉटरला दुसरा कान होताच, रिकामा. एआयएस तिथे दिलं, त्या कानाचा वेग ३८,४०० ठेवला. सांधे हिरवे पडले होते, ते कापून नवे केले. पडद्यावर होडी बरोबर धक्क्याला लागलेली. इतके दिवस न दिसलेली आजूबाजूची एआयएसवाली जहाजंही उमटली. तारीख मात्र सुमारे वीस वर्षं मागची! पुतण्याने शोधून सांगितलं की उपग्रह आठवडे मोजतात ते १,०२४ पर्यंतच, मग पुन्हा शून्य. एप्रिल २०१९ मध्ये ते शून्य झालं आणि काही जुने अँटेने फसले. ठिकाणाला त्याने बाधा येत नाही. मला काही वाईट वाटलं नाही, वीस वर्षांपूर्वी गुडघे बरे होते.

परत येताना त्याने रिक्षा केली. वाटेत मी ते चार गुण काढले. म्हटलं, द्यायला हवे होते रे. तो बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "मला येतच नव्हतं ना, बाई. पण तुम्ही बाबांना येऊन सांगितलं असतं तर त्यांनी आणखी एक वर्ष पाठवलं असतं." राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. मी कुणाच्याच घरी जात नसे तेव्हा. वेळ होता, तरी जात नसे.

कुठल्या रंगाची वायर कुठे, हे मी मराठीत तीन कागदांवर लिहून दिलं होतं. ते त्याने लॅमिनेट करून केबिनमध्ये लावलेत. ऑगस्टमध्ये त्याने फोटो पाठवला. त्याच्या आतेभावाची पण नौका आहे. गेल्या मंगळवारी तोही दोन पुस्तकं ठेवून गेला. एकात निम्मी पानं जपानी आहेत. ती सोडून बाकीचं सुरू केलंय.