पान लावताना

मामाला पंचाहत्तरीचा सत्कार नको होता. "शाल-नारळ देऊन खुर्चीत बसवणार असाल तर मी येत नाही. जेवायला बोलाव, दोन घास सुखाने खाऊ," असं त्याने फोनवर निक्षून सांगितलं. मग मी ठरवलं, सत्कार नाही तर नाही, पण जेवणाचं टेबल असं मांडायचं की त्याचं काम त्यात दिसलं पाहिजे.

मामा छपाईचे खिळे जुळवणारा. पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात ३१ वर्षं तो कंपोझिटर होता. शाळांचे अहवाल, दिवाळी अंक, पोथ्या, हँडबिलं आणि मुख्य म्हणजे लग्नपत्रिका. लगीनसराईत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ जुळवलेली तशीच बांधून ठेवत, फक्त नावं आणि मुहूर्त बदलत. लहानपणी मी त्याचा डबा घेऊन जायची तेव्हा तो केसपुढे, म्हणजे खिळ्यांच्या घराघरांच्या पेटीपुढे, उभा असायचा. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात केसवर फिरतोय आणि नजर मजकुराच्या कागदावर. हात कुठल्या घरात जातोय हे तो बघतच नसे. नव्वदीच्या दशकात संगणकावरची जुळणी आली, छापखान्याने खिळे किलोच्या भावाने विकले आणि मामा पुढे काही वर्षं प्रुफं तपासत राहिला.

मनात एक धाकधूक होतीच. जो धंदा भंगारवाल्याच्या काट्यावर संपला, त्याची आठवण आनंदाच्या दिवशी काढायची का? मामीला विचारलं. ती म्हणाली, "अगं, हे अजून लग्नाला गेले की आधी पत्रिकेतली चूक काढतात, मग जेवायला बसतात. कर तू खुशाल."

वर्तमानपत्रासारखं दिसणारं टेबलक्लॉथ बाजारात मिळतं, तेच मी आधी आणलं. घरी पसरलं तर सगळा मजकूर इंग्रजी, वाक्यं अर्धवट तोडलेली, एकच परिच्छेद सात ठिकाणी. एक काना चुकला तर अख्खी ओळ पुन्हा बांधणाऱ्या माणसापुढे हे ठेवायचं? घडी घालून परत केलं. अक्षरांचा नुसता देखावा त्याच्यापुढे चालणार नव्हता. जे मांडायचं ते त्याच्या कामाच्या नियमाने मांडायला हवं होतं, आणि तो नियम काही केल्या मला सापडत नव्हता.

तो आईने सहज दिला. स्वयंपाकाचं ठरवताना ती म्हणाली, "आणि पानं कशाची? केळीचीच घेऊ ना?"

पान! छापखान्यातही जुळवलेल्या ओळींचं पानच लावतात. आणि केळीच्या पानावर कशाची जागा कुठे हे आपल्याकडे पक्कं ठरलेलं आहे. शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, खाली वरणभात. वाढणारी बाई पंगतीतून वाकून जाते तेव्हा चटणी कुठे टाकायची याचा विचार करत नाही, तिच्या हाताला ते ठाऊक असतं. मामाच्या केसचं हेच होतं. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकड्यांनी वेगळे खिळे लागतात. त्यातले रोजचे हाताजवळ आणि क्वचितचे लांब. केस आणि पान या दोन्ही गोष्टी मी लहानपणापासून पाहत आले होते, पण शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

टेबल मग झटपट ठरलं. काहीही आणून सजवायचं नाही. आठ पानं, प्रत्येक पानाखाली पांढरा कागद, त्या कागदाला लग्नपत्रिकेला असायची तशी फुलांची बॉर्डर, डोक्याशी जेवणाऱ्याचं नातं आणि खाली बेत. छपाई एकाच रंगात, पत्रिकेच्या लाल शाईत. आणि हे सगळं खऱ्या खिळ्यांनी छापायचं.

नारायण पेठेत एका छोट्या छापखान्यात ट्रेडल मशीन अजून चालतं. बिलबुकांवर नंबर टाकायला आणि परफोरेशन मारायला जुनी ट्रेडलं अजून काही ठिकाणी टिकून आहेत. मालकांकडे मशीनखाली मराठी खिळ्यांच्या दोन केसेस धूळ खात पडल्या होत्या. "जुळवायला माणूस नाही. तुम्ही जुळवा, छापून मी देतो," ते म्हणाले.

मी एक अख्खी केसच घरी न्यायचं म्हणत होते. तिच्या घरांतून वाट्या ठेवायच्या, असं माझ्या डोक्यात. माझी मुलगी रसायनशास्त्र शिकते, तिने तिथल्या तिथे थांबवलं. खिळा म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा मिश्रधातू, त्यात सर्वांत जास्त शिसं. त्याची बारीक पूड केसच्या कानाकोपऱ्यांत बसलेली असते, झटकून जात नाही. ती अन्नाजवळ नको. तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. जुन्या छापखान्याचं सामान जेवणाच्या टेबलावर मांडायचं कुणाच्या मनात असेल तर मी हात जोडून सांगेन, खिळे दिवाणखान्यात काचेखाली ठेवा, पानाशेजारी नको. टेबलावर छापलेला कागद येऊ द्या.

तीन दुपारी मी स्टिक धरून उभी होते. ओळ डावीकडून उजवीकडेच जुळवायची, पण प्रत्येक अक्षर उलटं, डोकं खाली. म्हणजे शिरोरेघ तळाला येते. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते, ती सगळ्यांची एका बाजूला आली की खिळा सरळ बसला असं समजायचं. खाच अंगठ्याला लागते, बघावं लागत नाही. दोन खिळ्यांमध्ये केसाएवढी फट राहिली तर छापल्यावर शिरोरेघ तुटते. जुनी पुस्तकं उघडून बघा, रेघ अशी बारीक बारीक तुटलेली दिसेल. 'कोशिंबीर' हा एक शब्द नीट बसायला मला वीस मिनिटं लागली. मामा दिवसभरात पुस्तकाची पानंच्या पानं उभी करायचा.

तुपाच्या भांड्याशी मी एक वेगळी चिठ्ठी ठेवली. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पहिलं छापील मराठी पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, अशी गोष्ट छापखान्यातली जुनी माणसं सांगत आली. मलाही ती मामानेच सांगितली होती, वरणभातावर तूप वाढताना.

रविवारी सगळे आले. मामाचे गुडघे दुखतात म्हणून पाटांची पंगत नव्हती, टेबलच होतं. तो खुर्चीशी आला आणि बसलाच नाही. आधी त्याने कागदावरून बोट फिरवलं. खिळ्यांचा दाब कागदात किंचित उतरतो, तो बोटाला लागतो. मग कागद पानाखालून हळूच ओढून मागून पाहिला, उजेडाकडे धरला.

"हे खिळ्यांचं आहे," तो म्हणाला. "कुणी जुळवलं?"

"मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. चष्मा पुसला आणि वाचायला लागला. बॉर्डरच्या कोपऱ्यातली फुलं मोजल्यासारखी पाहिली. तुपाची चिठ्ठी वाचून मामीला दाखवली. मग खिशातून पेन्सिल काढली.

साखरभाताचा 'साखरमात' झाला होता. प्रूफ मी दोनदा वाचलं होतं, मुलीने एकदा. मामाने 'म'वर बारीक रेघ मारली, समासापर्यंत ओढली आणि तिथे 'भ' लिहिला. आठही कागदांवर, एका पानावरून दुसऱ्या पानाकडे सरकत, त्याने ती खूण केली. कुणी मध्ये बोललं नाही. आठवा कागद झाल्यावर तो बसला, पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाला, "आता वाढ." त्या दिवशी तो पोटभर जेवला. साखरभात दोनदा घेतला. जेवणानंतर आईने विडे लावले, तेव्हा तो आठही कागद गोळा करून घडी न पाडता गुंडाळत होता, घरी न्यायला.

निघताना त्याने विचारलं, "जुळवलेलं सोडलंस का?"

मी सोडलं नव्हतं. छापून झालं की खिळे धुऊन, एकेक करून परत ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे असतात, त्याशिवाय काम पुरं होत नाही. मंगळवारी तो माझ्याबरोबर नारायण पेठेत आला. मालकांनी स्टूल पुढे केलं, पण तो केसपुढे उभाच राहिला. डाव्या हातात दोन ओळी घेतल्या आणि उजव्या हाताने खिळे टाकायला लागला. कोऱ्या भिंतीकडे बघत माझ्याशी गप्पा चालल्या होत्या आणि घराघरांतून टिक टिक आवाज येत होता. अर्धा तास गेला असेल.

मग तो थांबला. 'भ'च्या घरातले खिळे त्याने ओंजळीत घेतले, अंगठ्याने चाचपले. त्यात तीन 'म' निघाले. कुणीतरी, केव्हातरी, घाईत सोडलेले.

"चूक तुझी नव्हती," मामा म्हणाला. त्याने ते तिन्ही 'म' त्यांच्या घरात टाकले, केस आत सरकवली आणि साबण मागून घेऊन हात धुवायला नळावर गेला.