अप्पांचें ऐकणें

आमच्या अप्पांना हवें तेवढेंच ऐकूं येतें, असा मीं पुष्कळ दिवस ग्रह करून घेतला होता. अंगणाबाहेर ट्रक घरघरला तर ते सर्वांआधीं उठून पाहात, पण पंगतींत सुनेनें "दह्यावर साखर वाढूं का?" म्हणून विचारलें, तर "भाकर नको" म्हणत. मुलें हसत. एकदां मीही सर्वांदेखत त्यांच्यावर खेंकसलों. ते कांहीं न बोलतां पानावरून उठले.

पुढें वाचनांत आलें कीं, आंतल्या कानांत शंखासारखी एक वेटोळी नळी असते व तींत सुमारें १५ हजार सूक्ष्म केसाळ पेशी असतात. तोंडाशीं असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, टोंकाकडच्या खर्जांतले. या नळींत ध्वनीची लाट कशी धांवते, हें दाखविल्याबद्दल बेकेशी यांना १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वयोमानानें प्रथम मरतात त्या तोंडाजवळच्या पेशी, आणि मनुष्यांत त्या पुन्हा उगवत नाहींत. 'स'सारखीं उंच पट्टींतलीं व्यंजनें तेथेंच हरवतात. 'आखर' तेवढें उरतें, आणि मेंदू बिचारा पानांतल्या पदार्थांवरून अंदाज बांधतो! ओरडल्यानें स्वर फुगतात, व्यंजनें फारशीं नाहींत.

म्हणजे अप्पा रोज आमचीं अर्धीं वाक्यें जुळवीत जेवत होते.

आतां माझें पान त्यांच्यासमोर असतें. तोंड दिसेल असें, सावकाश बोलतों. परवां त्यांनीं आपण होऊन विचारलें, "त्या दिवशीं तूं काय म्हणाला होतास रे?"

माझ्यानें सांगवेना.