साक्षीदाराविना हिशेब

गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूमागे पंच फिरत नाही. नवशिक्याने सहकारी फटका मारत असताना मौन राखावे, उखडलेली हिरवळ पुन्हा बसवावी, वाळूतील आपल्या पाऊलखुणा मिटवाव्यात. आणि मुख्य म्हणजे स्वतःचे फटके खरे मोजावेत.

१९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स यांचा चेंडू फटक्यापूर्वी गवतात किंचित हलला. इतर कोणीही ते पाहिले नव्हते. तरीही त्यांनी स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. अखेर बरोबरी झाली आणि निर्णायक लढतीत ते हरले. पुढे कौतुक करणाऱ्यांना त्यांनी सुनावले, असे सांगतात, की बँक लुटली नाही म्हणून कोणी शाबासकी देते काय?

व्यापाऱ्याची पतही अशाच साक्षीदाराविना लिहिलेल्या नोंदींवर उभी असते.