झीज आणि आस

मराठी वाचकाला झाशी आठवते ती राणी लक्ष्मीबाईंमुळे आणि गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मुळे. परंतु किल्ल्याच्या या गावाला दुसरेही एक रूप आहे. ते रेल्वेच्या कारखान्याचे. इंडियन मिडलँड रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते घडविले. १९०० मध्ये तिचा कारभार जी. आय. पी. रेल्वेकडे गेला, १९५१ मध्ये मध्य रेल्वे आली, २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वे. धनी बदलले, लोखंडाची झीज तेवढी थांबली नाही. अशा गावातील कारागिराचा कस पाहणारे एक काम म्हणजे जुन्या मिलिंग मशीनच्या स्पिंडलचा झिजलेला टेपर पूर्ववत करणे.

टेपर म्हणजे स्पिंडलच्या मुखातील, आत निमुळती होत गेलेली पोकळी. कटर धरणारा आर्बर तीत बसतो आणि मागून ड्रॉबार त्याला ओढून धरतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत ठरलेल्या प्रमाणानुसार चोवीस मात्रा लांबीत तिचा व्यास सात मात्रांनी उतरतो. मोर्स टेपरचा सौम्य उतार हत्याराला चिकटवून धरतो. हा तीव्र उतार ड्रॉबार सैल होताच सोडून देतो. धरून ठेवणे हे त्याचे काम नाही. मध्य साधणे हे आहे. वर्षानुवर्षांच्या कंपाने, आत अडकलेल्या किसाने आणि घाईने बसविलेल्या आर्बरने पोकळी मुखाशी रुंदावते, तिच्यावर खाचा व उंचवटे येतात. मग कटर डुलतो, एकदोन दातांवरच सारा भार पडतो आणि कापलेल्या पृष्ठावर लाटा उमटतात.

जाणता कारागीर लगेच घासावयास घेत नाही. तो पोकळी पुसतो, गेजवर निळा रंग अगदी पातळ लावून गेज आत किंचित फिरवितो आणि रंग कोठे उतरला ते पाहतो. पुष्कळदा दोष चारदोन उंचवट्यांचाच असतो. ते दगडाने हलकेच उतरविले की भागते. न भागले तरच ग्राइंडर. तोही शक्यतो स्पिंडल स्वतःच्या बेअरिंगमध्ये फिरता ठेवून, कारण शंकू खरा ठरावयाचा तो त्या यंत्राच्या आसाशी. बेअरिंगच ढिली असतील तर आधी त्यांची दुरुस्ती करावी. एरवी डुलत्या आसाभोवती नवेच असत्य कोरले जाते.

शिवाय येथे भर घालता येत नाही, आहे त्यातूनच काढावे लागते. व्यासात सात शतांश मिलिमीटर घासले की आर्बर जवळजवळ पाव मिलिमीटर आत जातो. स्पिंडलचे मुख आणि आर्बरची कड यांत मुद्दाम राखलेली फट तेवढी घटते. ती मिटली की कड मुखावर टेकते, शंकू शंकूवर टेकत नाही. कठीण केलेला थरही पातळच असतो. म्हणून एखादी खोल खाच तशीच राहू द्यावी लागते. सभोवार आधार सारखा असेल तर ती निरुपद्रवी असते. गुळगुळीतपणाचा मोह आवरणे, हे या विद्येचे मर्म.

झाशीचा वेढा पाहिलेल्या गोडसे भटजींच्या ग्रंथावरही असाच हात फिरला. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी तो संस्कारून प्रसिद्ध केला. वाचकांपर्यंत तो पोहोचला, हे त्यांचे ऋण मोठेच. तरीही १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांना मूळ संहितेकडे वळून नवी आवृत्ती द्यावीशी वाटली. हस्तलिखित शाबूत होते, म्हणून परतता आले. घासलेल्या पोलादाची मूळ प्रत कोठेच उरत नाही. म्हणून कारागिराचा हात संपादकाच्या लेखणीहूनही जपून चालतो.