मागायचं काय?

आज पहाटे आजीची ज्ञानेश्वरी उघडली. लाल फडक्यात बांधलेली, अठराव्या अध्यायाच्या शेवटच्या पानावर हळदीच्या बोटाचा ठसा. आजी रोज इथेच थांबत असावी, पसायदानापाशी.

लहानपणापासून माझी प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी. परीक्षा, नोकरी, आईचं दुखणं. पण शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेकाठी नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ज्ञानदेवांनी स्वतःसाठी काय मागितलं? ज्या समाजाने त्यांना आणि त्यांच्या भावंडांना वाळीत टाकलं, त्याच्याबद्दल पसायदानाच्या नऊ ओव्यांत तक्रारीचा शब्द नाही. दुष्टांचा नाश व्हावा असंही नाही. त्यांच्यातला वाकडेपणा तेवढा जावा, आणि सगळ्या जीवांचं एकमेकांशी मैत्र जुळावं. हे वाचताना आज पहिल्यांदाच अंगावर काटा आला.

मग गायत्री मंत्र आठवला. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला, विश्वामित्रांचा. मुंजीत पाठ केलेला, पण अर्थाकडे लक्षच गेलं नव्हतं. तिथे सवित्याकडे धन मागितलेलं नाही, बुद्धीला प्रेरणा मागितली आहे. तीही 'माझ्या' नव्हे, 'आमच्या' बुद्धीला.

'मी'चा 'आम्ही' होणं, हीच प्रार्थनेची पहिली पायरी असेल का?

निरांजन लावलं. हात जोडले. आईसाठी मागितलंच, ते सुटणार नाही. पण दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी आजींसाठीही मागितलं. मन कितीतरी हलकं झालं.