साक्षांकन नमुना भरण्याआधी

मोहोळ,
कार्तिकी एकादशीनंतरचा शुक्रवार

चि. वर्षा हिस,


पोलीस भरतीच्या निवड यादीत तुझं नाव लागल्याचं अक्काने सांगितलं. आपल्या घरातली पहिली पोरगी खाकी घालणार. त्याचं कौतुक समोरासमोर करीन, आज कामाचं लिहितो. साक्षांकन नमुन्यात ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय’ असा रकाना असतो, आणि अकॅडमीतल्या मैत्रिणी तुला ‘नाही लिहून मोकळी हो’ म्हणतात. तसं लिहू नकोस. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलंय की नोकरी मागणाऱ्याने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. बाब किरकोळ असली तरी ती दडवल्यावर माफी द्यायची की नाही, हे नेमणूक करणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. दुसऱ्याच्या मर्जीवर आपण पिढ्यान् पिढ्या राहिलो, आता पुरे.

तुझं प्रकरण काय होतं ते आधी नीट समजून घे. नळावरचं भांडण. समोरच्यांनी फिर्यादीत घरातली सगळी नावं घातली, त्यात अक्का आणि तूही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं ३२३, ५०४, ५०६, ३४. तू तेव्हा सतरा वर्षांची. अल्पवयीन मुलाचा गुन्हा किरकोळ असेल तर एरवी एफआयआर न करता डायरीत नोंद घ्यायची असते. पण सोबत मोठी माणसं आरोपी असली की एफआयआर होतो. तुझं नाव तसं चढलं.

बाल न्याय मंडळाच्या आदेशाची नक्कल काल मी पुन्हा काढून पाहिली. दीड पानाचा कागद आहे. वर प्रकरण क्रमांक, खाली गोल शिक्का, मागे नक्कल विभागाने टाकलेल्या तारखा: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. शेवटच्या ओळीत तुला समज देऊन पालकांच्या ताब्यात दिल्याचं लिहिलंय. पोलिसांकडची नोंद नष्ट करण्याबद्दल मात्र त्यात एक अक्षर नाही. आपल्याला काम करायचंय ते इथे.

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ वाच. या कायद्याखाली ज्या मुलाचं प्रकरण निकाली निघालं, त्याला त्या दोषामुळे पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही. अपिलाची मुदत संपली की नोंदी नष्ट करा, असा आदेश मंडळाने पोलिसांना द्यायचा असतो. अपवाद आहेत, पण ते अतिगंभीर गुन्ह्यांचे, तुझ्याशी त्यांचा संबंध नाही. कलम ७४ तर चारित्र्य प्रमाणपत्राचं नाव घेऊनच सांगतं की मुलाची नोंद पोलिसांनी उघड करायची नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर प्रलंबित प्रकरणालाही ते लागू झालं. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात निवड झालेल्या एका तरुणाची नेमणूक लहानपणच्या प्रकरणावरून अडवली होती. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला आणि अशी गोष्ट पुढे आयुष्यभर त्याच्या मागे लावायची नाही हे स्पष्ट केलं.

अक्काचं तसं नाही. तिचं प्रकरण लोकअदालतीत तडजोडीने मिटलं, त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच. पण नोंद पुसायचं कलम तिच्यासाठी नाही. सज्ञान माणसाची शिक्षा ठराविक वर्षांनी विसरण्याचा कायदा इंग्लंडने १९७४ साली केला. आपल्याकडे परिवीक्षेवर सोडलेल्याची अपात्रता १९५८ च्या कायद्याने जाते, त्यापुढे सर्वांसाठी असं काही नाही. व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ज्याने शिक्षा भोगली त्याला किती वर्षं दाराबाहेर उभं करायचं, याला काही हद्द नको का?

‘आपल्यावर डाग लागला’ असं तू अक्काला म्हणालीस म्हणे. वर्षा, आपल्या पणजोबांनी काही करायच्या आधीच त्यांचं नाव रजिस्टरात होतं. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ मध्ये तो साऱ्या देशाला लागू करता येईल असा झाला. त्याखाली कैकाडी, पारधी, भामटा म्हणून जन्मलेली माणसं सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवली. दिवसा गिरणीत मजुरी, रोज हजेरी, आणि बाहेरगावी जायचं तर पास. पणजोबा पास घेऊन मोहोळला सोयऱ्यांकडे आले, की भाकरीआधी पाटलाकडे जाऊन वर्दी द्यायचे, असं आजी सांगायची. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, तू अर्जात ‘विमुक्त जाती अ’ लिहिलंस ते त्यातूनच आलं. पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि चोरी झाली की वस्तीवर गाडी येणं थांबलं नाही.

मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला लावला. त्याच वर्षी मे महिन्यात, अमानतुल्ला खान प्रकरणात, मागास आणि भटक्या समाजातल्या माणसांची नावं केवळ जन्मावरून हिस्ट्रीशीटमध्ये चढतात याची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. उद्या तू ठाण्यात बसशील तेव्हा ही रजिस्टरं तुझ्याच टेबलावर येतील. म्हणून हे सगळं तुला माहीत हवं.

आता करायचं ते असं. मंगळवारी मी सोलापूरला बाल न्याय मंडळात नोंद नष्ट करण्याच्या आदेशासाठी अर्ज टाकतो. आदेश झाला की त्याची प्रत ठाण्यात देऊन पोच घ्यायची, आणि ऑनलाइन यंत्रणेतलं नाव काढल्याचं लेखी मागायचं, नुसतं तोंडी ‘झालं’ ऐकून परत यायचं नाही. आदेश येण्याआधीच नमुना भरायची वेळ आली तर रकान्यात एवढंच लिही: ‘अल्पवयीन असताना, बाल न्याय मंडळाकडून समज देऊन निकाली, कलम २४ नुसार अपात्रता नाही.’ सोबत नक्कल जोड. गप्प राहायचा हक्क कायद्याने तुला आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही नोंद अजून ठाण्यात पडून असताना खरं लिहिणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

वकीलपत्रावर तुझी सही लागेल. सोबत कोरं वकीलपत्र पाठवतोय, आधारची प्रत आणि शाळा सोडल्याचा दाखला लावून सोमवारच्या आत परत पाठव. दाखला मूळचा हवा, जन्मतारीख त्यावरून सिद्ध होते. अक्काला नमस्कार.

तुझा,
मामा