कार्ड जुळवण्याच्या आधी

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल माझं मत बरीच वर्षं ठाम होतं. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा, दोघंही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी दोष मुलांना देऊ शकणारे, निघाले तर ते लग्न होऊ देऊ नका. सिल्वासात शिकवताना पालकांच्या सभेत मी हे पोटतिडकीनं सांगत असे. कुंडलीऐवजी सिकलसेल तपासणीचं कार्ड जुळवा, हे वाक्य मला फार पटायचं. आता माझा आग्रह दुसरीकडे गेला आहे.

माझा हिशोब खोटा नव्हता. आई-वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. इकडच्या आदिवासी समाजांत हा दोष पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात तो टिकला. पण हा सगळा हिशोब अजून न जन्मलेल्या मुलांचा होता.

माझं मत बदललं ते दोन बहिणींमुळे. धाकटी माझ्या वर्गात, आजार असलेली. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते, हिची जेमतेम 10 ते 20. कोयत्यासारख्या वाकलेल्या त्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडं अशी दुखायची की तिला पाय टेकवत नसे. चार दिवसांनी परत येई तेव्हा दिसायला धडधाकट. कामाचा कंटाळा आहे पोरीला, असं घरीदारी बोललं जाई. थोरली नुसती वाहक. तिला कसलाही त्रास नव्हता. तरी तिच्या हातात कार्ड आलं आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाची तपासणी तर कुणी केलीच नव्हती! आजारी मुलीला कुणी आजारी मानेना, आणि जिला काही झालं नव्हतं ती मात्र आजारी ठरली.

1948 साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्याची व्याख्या आहे. नुसता रोग नसणं म्हणजे आरोग्य नव्हे. शरीर, मन आणि समाजातलं जगणं, तिन्ही सुस्थितीत हवं. या मापानं त्या दोघींपैकी एकीचंही बरं चाललं नव्हतं, आणि थोरलीच्या दुःखात माझ्यासारख्यांच्या उपदेशाचाही वाटा होता.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं त्याचं लक्ष्य. तपासणी हवीच, लग्नाआधीचा सल्लाही हवा. पण निर्णय त्या दोघांचा. माझ्या लेखी पहिला मान मात्र आज दुखणं सोसणाऱ्याचा. दुखण्याचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी इकडच्या दुधनी-खानवेलच्या पाड्यांवर खंड न पडता पोचते का, दुखणं उठलं की रात्री दवाखान्यापर्यंत गाडी मिळते का, हे मी आधी विचारते.

शिक्षकांना आणि कारखान्यांतल्या सुपरवायझरांना माझी एक विनंती आहे. अंगातलं पाणी कमी झालं, अंग गारठलं किंवा फार दमणूक झाली की हे दुखणं उठतं. हा आजार असलेल्यांना लघवीही वारंवार लागते. तेव्हा सिकलसेलचं मूल किंवा कामगार पाणी प्यायला उठला, बाहेर जाऊ का म्हणाला, तर कारण विचारू नका, जाऊ द्या.